ईडिपसचं नशीब की ईडिपसचा निर्णय? ग्रीक शोकांतिका पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी

ग्रीक शोकांतिका म्हटलं की एक ठरलेलं वाक्य पुढे येतं: माणूस हा नियतीच्या हातातलं बाहुलं आहे. गाइडांमध्ये ते छापलेलं असतं, वर्गात उतरवून घेतलं जातं, परीक्षेत त्याला मार्कही मिळतात. पण हे वाक्य मनात धरून नाटक वाचायला घेतलं, तर त्यातली माणसं पानोपानी काय ठरवतात, कशावर अडून बसतात, कोणाचं ऐकत नाहीत, हे नजरेतून निसटतं. आणि माझ्या मते नाटकाचा सगळा जीव त्यातच आहे.

म्हणून या लेखात वाचायची एक पद्धत मांडली आहे. सरावासाठी सोफोक्लीजचं ‘ईडिपस’ घेतलं आहे. ती पद्धत हाताला बसली की इतर नाटकांना कशी लावायची, ते पुढे येईल. ग्रीक भाषा येत नसली, साहित्याचा अभ्यास नसला तरी काही अडत नाही. एक वही मात्र हवी.

पहिली पायरी: सारांश बाजूला ठेवा, पूर्ण नाटक एका बैठकीत वाचा

‘ईडिपस’ जेमतेम दीड हजार ओळींचं आहे. दोन तासांत वाचून होतं. मराठीत पु. ल. देशपांडे यांनी ते ‘राजा ओयदिपौस’ या नावाने आणलं आहे, त्यामुळे वाचनालयात शोधताना ‘ओयदिपौस’ हे नावही लक्षात ठेवा. इंग्रजीतली भाषांतरं तर डझनावारी आहेत. त्यातलं कोणतंही चालेल, फक्त संक्षिप्त आवृत्ती नको.

सारांश का नको? सारांशात गोष्ट काळाच्या क्रमाने येते: आधी भविष्यवाणी, मग बाळाला टाकून देणं, मग बापाचा खून, मग आईशी लग्न, शेवटी उलगडा. अशी मांडली की ती नियतीचीच गोष्ट वाटणार. सोफोक्लीजने ती अशी मांडलेली नाही. त्याचं नाटक सुरू होतं तेव्हा खून होऊन बरीच वर्षं उलटली आहेत, लग्न झालं आहे, चार मुलं झाली आहेत. भविष्यवाणीतलं सगळं पडदा उघडण्याआधीच घडून गेलं आहे. रंगमंचावर आपण पाहतो तो एका दिवसाचा तपास, आणि हा तपास करायला कुठल्याही देवाने ईडिपसला भाग पाडलेलं नाही. हा एक मुद्दा पक्का झाला की निम्मं काम झालं.

दुसरी पायरी: गोष्ट आधीच माहीत करून घ्या

रहस्य फुटेल ही भीती इथे नको. अथेन्समध्ये ॲक्रोपोलिस टेकडीच्या दक्षिण उतारावरच्या डायोनायसस देवाच्या नाट्यगृहात बसलेल्या प्रेक्षकांनाही ही कथा ठाऊक होती. वसंतात डायोनायससचा उत्सव भरायचा आणि त्यात तीन नाटककार स्पर्धेला उतरायचे. प्रत्येकाच्या तीन शोकांतिका आणि त्यांच्या जोडीला एक सॅटर नाटक, म्हणजे हलकंफुलकं थट्टेचं नाटक असायचं. कथा बहुतेक जुन्या पुराणकथांतल्या असत. ‘पुढे काय होणार’ हे प्रेक्षक जाणून असायचे, त्यामुळे त्यांचं सगळं लक्ष ‘हा माणूस आता काय करतो’ याकडे लागायचं.

तेव्हा पूर्वकथा थोडक्यात. थीब्जचा राजा लेयस याला डेल्फायच्या मंदिरात भविष्य सांगणाऱ्या अपोलो देवाकडून कळतं की राणी योकास्टाच्या पोटी होणारा मुलगा त्याचा जीव घेईल. मुलगा होतो. तीन दिवसांच्या आत त्याचे घोटे जखडून त्याला डोंगरावर टाकायला मेंढपाळाकडे दिलं जातं. मेंढपाळाला दया येते आणि तो बाळ कॉरिंथच्या एका गुराख्याच्या हाती देतो. कॉरिंथचा निपुत्रिक राजा पॉलिबस त्याला आपला मुलगा म्हणून वाढवतो. मोठेपणी एका मेजवानीत एक दारुडा त्याला म्हणतो, तू तुझ्या बापाचा नाहीस. ईडिपस खरं काय ते विचारायला डेल्फायला जातो. अपोलो त्या प्रश्नाचं उत्तर देतच नाही, भलतंच सांगतो: तू बापाला मारशील, आईशी लग्न करशील. ईडिपस कॉरिंथला पाठ फिरवतो. वाटेत एका तिठ्यावर एका म्हाताऱ्याशी भांडण होतं आणि तो त्याला ठार करतो. पुढे थीब्जला स्फिंक्स या राक्षसीचं कोडं सोडवतो, राजा होतो, विधवा राणीशी लग्न करतो.

आता नाटक उघडा. शहरात साथ पसरली आहे. लेयसच्या खुन्याला हाकलल्याशिवाय ती जाणार नाही, असा निरोप डेल्फायहून आला आहे. ईडिपस सगळ्या शहरासमोर त्या अज्ञात खुन्याला शाप देतो आणि म्हणतो, लेयससाठी मी असा लढेन, जणू तो माझा स्वतःचा बाप होता. गोष्ट माहीत असलेल्याच्याच अंगावर या ओळीने काटा येतो. माहीत नसलेला ती वाचून पुढे निघून जाईल.

तिसरी पायरी: काय दाखवलं जातं आणि काय फक्त सांगितलं जातं

ग्रीक रंगमंचावर रक्तपात सहसा होत नाही. योकास्टा गळफास घेते ती महालात, ईडिपस तिच्या वस्त्राच्या पिना काढून डोळ्यांत खुपसतो तोही महालातच. बाहेर येतो तो निरोप्या आणि जे घडलं ते सांगतो. प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर होतात ती संभाषणं: वाद, विनवण्या, धमक्या, नकार. थोडक्यात, या रंगभूमीवर कृती आडोशाला असते आणि निर्णय उघड्यावर. वाचताना निरोप्याच्या थरारक वर्णनात फार गुंतू नका. त्याच्या आधीचं संभाषण दोनदा वाचा.

कोरस, म्हणजे रंगमंचावर गाणारा-नाचणारा समूह, तोही गाळू नका. सोफोक्लीजच्या काळात त्यात पंधरा जण असत. नायकाला आवरायचा, समजवायचा, त्याच्या वतीने देवाला साकडं घालायचा प्रयत्न ते करतात. वेगळं वागता आलं असतं का, या प्रश्नाचा धागा पुष्कळदा कोरसच्याच बोलण्यात सापडतो.

चौथी पायरी: वहीत तीन रकाने आखा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. पहिल्या रकान्यात लिहा, देवाने किंवा भविष्यवाणीने नेमकं काय सांगितलं. दुसऱ्यात, माणसाने काय ठरवलं. तिसऱ्यात, ठरवताना त्याला काय माहीत होतं. दुसरं वाचन या तीन रकान्यांसाठी करा, आणि पहिल्या रकान्यात स्वतःच्या मनाचं काही घालू नका. देवाचे शब्द जेवढे आहेत तेवढेच.

सुरुवातीचा प्रसंग भरून पाहू. योकास्टाचा भाऊ क्रेऑन डेल्फायहून परत येतो. पहिला रकाना: लेयसच्या खुन्याला हाकला किंवा रक्ताच्या बदल्यात रक्त घ्या, आणि तो याच भूमीत आहे. एवढंच. खुनी कोण, ते अपोलो सांगत नाही. कसा शोधायचा तेही सांगत नाही. दुसरा रकाना भराभर भरत जातो. क्रेऑनला डेल्फायला पाठवलं होतं ते ईडिपसनेच, लोक गाऱ्हाणं घेऊन येण्याच्याही आधी. क्रेऑन विचारतो, इथेच सांगू की आत जाऊन बोलू? ईडिपस म्हणतो, सगळ्यांसमोर सांग. कोरस सुचवतो, आंधळ्या द्रष्ट्या टायरेसियसला बोलवा. ईडिपसने त्याच्याकडे केव्हाच माणसं धाडली आहेत, तीही दोनदा. तिसरा रकाना: आपण पॉलिबसचे पुत्र आहोत, लेयसला आपण कधी पाहिलं नाही, असं तो मनापासून मानतो.

पानभर भरलं की ईडिपसचा स्वभाव समोर येतो. जबाबदारी घ्यायला तयार, कामात चपळ, काहीही झाकून न ठेवणारा राजा. आणि त्याला संकटाकडे ओढत नेतात ते नेमके हेच गुण. तो थोडा आळशी, थोडा बेफिकीर, थोडा लपवाछपवी करणारा असता, तर कदाचित सुखाने म्हातारा झाला असता. मला या नाटकातली सगळ्यात मोठी वेदना इथे वाटते. त्याचा नाश त्याच्यातल्या चांगल्यातूनच येतो.

आता पुढे जा आणि त्याला ‘थांब’ म्हणणारे किती जण आहेत ते पाहा. टायरेसियस आल्याआल्या म्हणतो, मला घरी जाऊ दे. ईडिपस अडवतो, चिडतो, कटाचा आरोप करतो, तेव्हा कुठे तो म्हातारा रागावून ‘खुनी तूच आहेस’ असं तोंडावर सांगतो. दुसरी योकास्टा. कॉरिंथच्या निरोप्याचं बोलणं ऐकता ऐकता तिला ईडिपसच्या आधी सगळं उमगतं आणि ती विनवते, जिवाची पर्वा असेल तर हा शोध सोड. ईडिपसला वाटतं, आपण हलक्या कुळातले निघू याची राणीला लाज वाटते आहे. तो म्हणतो, कितीही हलकं असो, माझं मूळ मला पाहायचंच आहे. तिसरा तो म्हातारा मेंढपाळ. हात पिरगाळायला लावल्यावर तो बोलायला लागतो, पण शेवटच्या उत्तराशी येऊन अडखळतो: अरे देवा, आता ते भयंकर बोलायची वेळ आली माझ्यावर. ईडिपस उत्तरतो: आणि माझ्यावर ऐकायची. पण ऐकलंच पाहिजे.

ही ओळ दुसऱ्या रकान्यात मोठ्या अक्षरात लिहा. इथे तिसऱ्या रकान्यात काय येईल? त्या क्षणी त्याला जवळजवळ सगळं कळून चुकलं आहे. अज्ञानाची सबब संपली आहे. तरी तो विचारतो. भविष्यवाणीत बापाचा खून होता, आईशी लग्न होतं. सत्य शोधून काढणं नव्हतं, ते सगळ्यांसमोर कबूल करणं नव्हतं, डोळे फोडून घेणंही अपोलोने त्याला सांगितलं नव्हतं.

याच रकान्यात आणखी एक गोष्ट सापडेल, जी पहिल्या वाचनात हमखास सुटते. ईडिपसचा घात करणारी माणसं त्याचं भलं करायला निघालेली आहेत. मेंढपाळाने दया केली म्हणून बाळ वाचलं. ‘भविष्यवाण्यांना काही अर्थ नसतो’ हे पटवून नवऱ्याला धीर द्यावा म्हणून योकास्टा लेयसची हकिगत सांगते आणि बोलता बोलता तिठ्याचा उल्लेख करून जाते. त्या एका शब्दाने ईडिपसच्या काळजात धस्स होतं. कॉरिंथचा निरोप्या त्याची भीती घालवायला म्हणतो, घाबरू नकोस, कॉरिंथची राणी तुझी आई नव्हेच. तिघांच्याही मनात वाईट काही नाही. हे सगळं नियतीच्या नावावर टाकून मोकळं झालं, तर या तिघांच्या माणुसकीचं काय करायचं?

एक कच्चा दुवाही टिपून ठेवा. लेयसच्या सोबत्यांपैकी वाचलेल्या एकाने तेव्हा सांगितलं होतं की ‘दरोडेखोर’ होते, म्हणजे अनेक जण. ईडिपस म्हणतो, तो अजूनही अनेक म्हणत असेल तर मी खुनी नाही, एक म्हणजे अनेक नव्हेत. त्याला बोलावलं जातं ते हे विचारायलाच. तो येतो, आणि हा प्रश्न त्याला विचारलाच जात नाही. तोवर ईडिपसचा ध्यास बदललेला असतो. ‘लेयसला कोणी मारलं’ हा तपास आता ‘मी कोण’ इथे येऊन पोचलेला असतो.

पाचवी पायरी: ‘नियती की इच्छा’ यातून एकच निवडायची घाई करू नका

भविष्यवाणी एखादी गोष्ट सांगते म्हणजे ती घडवते असं नाही. पंचांगात ग्रहण छापलेलं असतं म्हणून काही पंचांग ग्रहण लावत नाही. नवख्या वाचकाला एवढा फरक कळला तरी पुष्कळ. पण यावर थांबू नका, कारण नाटकातली माणसं देवाला नुसता सांगणारा मानत नाहीत. डोळे फोडून बाहेर आलेल्या ईडिपसला कोरस विचारतो, कोणत्या देवाने तुला हे करायला लावलं? त्याचं उत्तर असं: अपोलो, मित्रांनो, अपोलोनेच माझ्यावर ही दुःखं आणली. पण डोळ्यांवर वार केला तो हात दुसऱ्या कोणाचा नव्हता, माझाच होता.

अपोलो आणि माझा हात, एकाच दमात. या दोन वाक्यांत त्याला विरोध दिसत नाही. आपल्याला दिसतो, कारण आपण जबाबदारीची वाटणी करायला बसतो: देवाची इतकी, माणसाची इतकी. ग्रीक नाटककार वाटणी करत नाहीत. एकच कृती पूर्णपणे देवाची आणि पूर्णपणे माणसाची असू शकते असं धरून ते लिहितात. सुरुवातीला हे पचायला जड जातं, पण दोन-तीन नाटकं वाचली की डोळे सरावतात.

एस्किलस हा नाटककार या बाबतीत सर्वांत रोखठोक. इ. स. पू. 472 च्या ‘पर्शियन्स’मध्ये दरायस राजाचं भूत आपल्या मुलाच्या, झर्क्सीसच्या, पराभवाबद्दल बोलतं. भविष्यवाणी होतीच, पण ती इतक्या लवकर खरी होईल असं त्याला वाटलं नव्हतं. मग तो म्हणतो, माणूस स्वतःच घाई करू लागला की देवही त्याला हातभार लावतो.

इ. स. पू. 458 च्या ‘अगामेम्नॉन’मध्ये ऑलिस बंदरात वारा उलटा आहे, ट्रॉयला निघालेलं आरमार अडकून पडलं आहे आणि आर्टेमिस देवीला राजाच्या मुलीचा बळी हवा आहे. अगामेम्नॉन दोन्ही बाजू तोलतो: आज्ञा मोडणं जड, पोटच्या पोरीला कापणं जड. मग कोरस सांगतो, त्याने गरजेचं जोखड मानेवर चढवून घेतलं. क्रियापद नीट पाहा. जोखड आहे, म्हणजे सक्ती आहे. पण ते घातलं त्याने स्वतः. आणि त्यानंतर त्याचं मनच पालटलं, कशालाही न कचरणारं झालं, असंही कोरस पुढे म्हणतो.

‘अगामेम्नॉन’ हा एका नाट्यत्रयीचा पहिला भाग. तिच्या दुसऱ्या भागात, अगामेम्नॉनचा खून करणाऱ्या आईला त्याचा मुलगा ओरेस्टिसने मारावं ही अपोलोची आज्ञा आहे. तरीही ओरेस्टिस स्वतःची कारणं मोजतो: देवाचा हुकूम, बापाचं दुःख, हिरावलेली मालमत्ता आणि त्यामुळे आलेली ओढग्रस्त. देवाचा हुकूम पुरेसा असता तर बाकीच्या कारणांची गरज काय होती? आणि ऐन वेळी, आई समोर उभी असताना, तो मित्राकडे वळून विचारतो, पायलाडीस, काय करू? आईला मारायला कचरू का? तोवर गप्प असलेला पायलाडीस नाटकभरात फक्त इथेच बोलतो, तेही तीन ओळी. असा प्रश्न बाहुलं विचारत नाही.

सहावी पायरी: ॲरिस्टॉटल नंतर वाचा

बहुतेक जण आधी ‘काव्यशास्त्र’ वाचतात आणि मग नाटकात त्यातल्या संज्ञा शोधत बसतात. क्रम उलटा ठेवा. ॲरिस्टॉटलने ते लिहिलं तेव्हा ‘ईडिपस’ रंगमंचावर येऊन शंभराच्या आसपास वर्षं झाली होती. तो जाणकार प्रेक्षक होता, या नाटकावर त्याचा विशेष जीव होता, पण त्याचं पुस्तक पाहून सोफोक्लीजने लिहिलेलं नाही. मराठीत विंदा करंदीकरांचं ‘ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र’ आहे, ते जरूर मिळवा.

शोकांत नायकाबद्दल ॲरिस्टॉटलचं म्हणणं साधं आहे. नायक अगदी पुण्यवान नको, अगदी दुष्टही नको. मान आणि वैभव असलेला असावा, आणि त्याचं पतन दुष्टपणामुळे न होता एखाद्या ‘हमार्शिया’मुळे व्हावं. या शब्दाचं पुढे ‘स्वभावातला घातक दोष’ असं रूपांतर झालं आणि तेच पाठ्यपुस्तकांत रुजलं. मूळ रोख चुकीकडे आहे, नेम हुकण्याकडे: आपण काय करतो आहोत, कोणाला मारतो आहोत, हे माहीत नसताना केलेली कृती. तुमच्या वहीचा तिसरा रकाना म्हणजे हमार्शियाची नोंदवहीच समजा.

‘हुब्रिस’चं तर त्याहून वाईट झालं. प्रत्येक ग्रीक नायक गर्वामुळे पडतो असं सर्रास लिहिलं जातं. ‘काव्यशास्त्रा’त नायकाच्या पतनाचं कारण म्हणून हुब्रिस सांगितलेलं नाही. अथेन्समध्ये तो दुसऱ्याची बेअब्रू करण्याचा, त्याच्यावर दांडगाई करण्याचा गुन्हा होता आणि त्यासाठी खटला भरता येत असे. ईडिपस तापट आहे, टायरेसियस आणि क्रेऑनवर नाहक संशय घेतो, हे खरं. पण त्या संशयापायी त्याने बापाला मारलेलं नाही. तो खून कितीतरी आधीचा. दोष शोधून शिक्षेशी जुळवायची सवय लागली की निष्पाप माणसावर अन्याय होऊ शकतो ही शक्यताच आपण नाकारतो, आणि शोकांतिकेचा कणाच मोडतो.

ॲरिस्टॉटलकडून घ्यायची सर्वांत कामाची गोष्ट म्हणजे पालट आणि ओळख या दोन कल्पना. कॉरिंथचा निरोप्या आनंदाची बातमी आणतो आणि तिचाच अनर्थ होतो, हा पालट. आपण कोण हे ईडिपसला कळतं, ही ओळख. दोन्ही एकाच वेळी घडतात म्हणून ‘ईडिपस’ त्याला उत्तम वाटतं. आणि लक्षात घ्या, नियतीबद्दल ‘काव्यशास्त्र’ जवळपास काहीच बोलत नाही.

एक गोष्ट मध्येच सांगायला हवी. आपण मराठी वाचक ‘प्रारब्ध’ आणि ‘पूर्वजन्मीचं संचित’ हे शब्द घेऊनच वाढतो. ते या नाटकांवर चढवू नका. ईडिपस मागच्या जन्मीच्या पापाची फळं भोगतो आहे असं सोफोक्लीज कुठेही सुचवत नाही. काही घराण्यांत शाप पिढ्यान्‌पिढ्या उतरत जातो, ते एस्किलसमध्ये ठळक आहे. पण तो पूर्वजांच्या कृत्यांचा वारसा आहे, आपल्याच जुन्या जन्माचा हिशेब नव्हे. हिशेब जुळत नाही, हीच तर ईडिपसची व्यथा आहे.

सातवी पायरी: रकाने घेऊन पुढच्या नाटकांकडे

पुढचं नाटक ‘अँटिगनी’ घ्या. ते ‘ईडिपस’च्या आधी लिहिलेलं आहे, साधारण इ. स. पू. 441 च्या सुमाराचं, पण कथा नंतरची. इथे भविष्यवाणीचा रकाना बराच वेळ जवळजवळ कोरा राहील. सगळा खेळ निर्णयांचा. राजा क्रेऑनची बंदी मोडून ईडिपसची मुलगी अँटिगनी आपल्या भावाच्या, पॉलिनायसीसच्या, प्रेताला माती देते, म्हणून तो तिला गुहेत कोंडतो. शेवटाकडे एक जागा बारकाईने पाहा. टायरेसियसने सुनावल्यावर क्रेऑन हादरतो आणि कोरसला विचारतो, काय करू? कोरस क्रम सांगतो: जा, आधी मुलीला गुहेतून सोडव, मग प्रेताला मूठमाती दे. क्रेऑन निघतो. निरोप्या परत येऊन सांगतो ते ऐका: आम्ही आधी पॉलिनायसीसचं प्रेत धुतलं, दहन केलं, त्यावर उंच ढिगारा रचला, आणि मग गुहेकडे वळलो. तोवर अँटिगनीने गळफास घेतलेला असतो. क्रम का उलटला, यावर सोफोक्लीज एक अक्षर बोलत नाही. मेलेल्याबाबत घडलेला अपराध आधी फेडावा असं क्रेऑनला वाटलं असेल, की जिवंत पोरीपुढे जायचं धाडस होत नसेल? तुमचं उत्तर दुसऱ्या रकान्यात लिहा आणि त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवा.

मग युरिपिडीज या नाटककाराकडे वळा. ‘मीडिया’ इ. स. पू. 431 मधलं, त्या वर्षी स्पर्धेत शेवटच्या, म्हणजे तिसऱ्या क्रमांकावर गेलेलं. इथे तिसरा रकानाच सगळं बदलून टाकतो. स्वतःच्या मुलांना मारायला निघालेली मीडिया म्हणते, मी किती भयंकर करायला निघाले आहे हे मला कळतं, पण माझ्या विचारांपेक्षा माझा संताप बलवत्तर आहे. अज्ञान नाही, भविष्यवाणी नाही, आणि तरी ती मोकळी आहे असं म्हणायला जीभ रेटत नाही. नियती बाहेरूनच येते असं ज्यांना वाटतं त्यांनी हे नाटक अवश्य वाचावं.

‘हिपोलिटस’ मात्र ‘ईडिपस’शेजारी ठेवूनच वाचा. अ‍ॅफ्रोडाइटी ही प्रेमाची देवी पहिल्याच भाषणात सांगून टाकते की हिपोलिटस आज मरणार. नियतीचा पुरावा म्हणून हे नाटक पुढे केलं जातं. पण रकाने भरत गेलात की दिसेल, देवीचा बेत तडीला जातो तो माणसांच्या हातून: दाईची अगोचर मदत, हिपोलिटसवर खोटा आरोप करणारी सावत्र आई फीड्राची चिठ्ठी, हिपोलिटसने पाळलेली मौनाची शपथ, आणि सगळ्यांवर कडी म्हणजे त्याचा बाप, राजा थिसिअसची घाई. पत्नीच्या प्रेताजवळ चिठ्ठी सापडते आणि तो तिथल्या तिथे मुलाला शाप देऊन बसतो. साक्ष नाही, चौकशी नाही, द्रष्ट्याला विचारणं नाही. शेवटी आर्टेमिस त्याला नेमकं हेच ऐकवते, आणि अज्ञानाने केलंस म्हणून त्याचा गुन्हा थोडा हलकाही करते. एक राजा चौकशी करत नाही आणि मुलगा गमावतो. दुसरा चौकशी सोडत नाही आणि सर्वस्व गमावतो.

सर्वांत शेवटी ‘कलोनसमधला ईडिपस’ घ्या. सोफोक्लीजने ते नव्वदीच्या घरात असताना लिहिलं, आणि त्याच्या मृत्यूनंतर, इ. स. पू. 401 मध्ये, त्याच्या नातवाने ते रंगमंचावर आणलं. इथे आंधळा, म्हातारा, भटका ईडिपस स्वतःचा खटला स्वतः लढतो. क्रेऑनला तो विचारतो, आत्ता इथे कोणी तुला मारायला आला, तर तो तुझा बाप आहे का हे आधी विचारशील की त्याला परतवशील? मी ते केलं नाही, माझ्यावर ते ओढवलं, असा त्याचा एकूण सूर आहे.

हे भाषण वाचून झालं की जुनी वही उघडा आणि पहिल्या नाटकात त्याने योकास्टाला सांगितलेली तिठ्याची हकिगत शोधा. तिथे त्याचं सांगणं असं आहे: रथापुढच्या माणसाने आणि त्या म्हाताऱ्याने मला जबरदस्तीने रस्त्यावरून हटवायला पाहिलं. मला ढकलणाऱ्या सारथ्याला मी रागाच्या भरात मारलं. मी जवळून जाताना म्हाताऱ्याने पराणी माझ्या डोक्यात घातली. त्याची परतफेड त्याला जेवढ्यास तेवढी मिळाली नाही, माझ्या काठीने तो रथातून उताणा पडला, आणि मी सगळ्यांना मारलं.

दोन्ही जबान्या समोरासमोर लिहून काढा. पहिल्या जबानीत राग आहे, आणि ‘जेवढ्यास तेवढी नाही’ ही कबुली आहे. दुसरीत जिवावरचं संकट आहे, स्वतःचा बचाव आहे. दोन्ही त्याच माणसाच्या तोंडच्या आणि त्याच नाटककाराने लिहिलेल्या. मधल्या काळात ईडिपसने पुष्कळ भोगलं आहे आणि त्याचा विचारही झाला आहे. यातली कोणती तुम्ही खरी मानता, ते तिसऱ्या रकान्याच्या आधाराने ठरवा, आणि मग ‘ईडिपस’ पुन्हा एकदा पहिल्या ओळीपासून वाचा.